वर्षावनाची सोपी पायवाट आणि दुर्मीळ पक्षी : वाचकांचे प्रश्न

वर्षावनातील पक्षीनिरीक्षणाविषयी वाचकांकडून आलेल्या पत्रांपैकी काही प्रश्न या वेळच्या सदरासाठी निवडले आहेत. एकसारख्या आशयाची पत्रे एकत्र केली असून प्रश्नांची भाषा थोडी संक्षिप्त केली आहे.

प्रश्न : वयाची सत्तरी जवळ आली आहे आणि गुडघ्यांमुळे चढ-उतार सोसत नाहीत. सपाट, आखलेल्या वाटेवर तास-दीड तास सावकाश चालणे तेवढे जमते. दुर्मीळ पक्षी रानाच्या गाभ्यातच असतात, असे नेहमी ऐकतो. मग अशा सोप्या वाटेवर ते दिसण्याची आशा धरावी काय?

उत्तर : जरूर धरावी. वर्षावनात पक्षी दिसत नाहीत ते आपण पुरेसे दूर गेलेलो नसतो म्हणून नव्हे, तर पक्षी आणि आपण यांच्यामध्ये पानांचा पडदा असतो म्हणून. वृक्षांचे छत जमिनीपासून तीस-चाळीस मीटरांवर असते आणि त्यातून गाळून खाली पोहोचणारा प्रकाश जेमतेम एक-दोन टक्के असतो. या पडद्याआड आणखी पाच किलोमीटर चालून गेल्याने पडदा पातळ होत नाही. उलट निसरड्या, चढणीच्या वाटेवर माणसाचे सारे लक्ष पायांखाली राहते, धाप लागली की कानांना स्वतःचा श्वास तेवढा ऐकू येतो आणि पाचोळ्यात पाय वाजू लागले की जमिनीवर चरणारे पक्षी आपण पोहोचण्यापूर्वीच निघून जातात. सपाट वाटेवर डोळे आणि कान दोन्ही मोकळे राहतात, हा तिचा मोठा गुण आहे.

रुंद वाटेचा आणखी एक फायदा आहे. वाटेवरचे छत थोडे उघडे असल्याने दोन्ही बाजूंच्या झाडांचे शेंडे सरळ डोक्यावर न येता तिरके दिसतात, त्यामुळे मान कमी अवघडते आणि पक्ष्याचे फक्त पोट नव्हे, तर बाजूही दिसते. पनामातील सोबेरानिया राष्ट्रीय उद्यानात ‘पाइपलाइन रोड’ नावाचा कच्चा रस्ता आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तेलवाहिनीसाठी काढलेला हा सुमारे १७ किलोमीटरांचा रस्ता जवळजवळ सपाट आहे, तरीही अमेरिका खंडांतील पक्षीनिरीक्षणाच्या सर्वाधिक नावाजलेल्या वाटांमध्ये त्याची गणना होते. बोर्निओत सेपिलोक येथील वर्षावन केंद्रात छताच्या उंचीवर बांधलेला पादचारी पूल आहे. आपल्या कुळातील एकमेव जात असलेला आणि बोर्निओबाहेर कोठेही न आढळणारा ‘ब्रिसलहेड’ पाहण्यासाठी जगभरचे लोक तेथे येतात, तो या पुलावरूनच. असा पूल किंवा मनोरा नसेल, तर वाटेच्या एका बाजूला जमीन खोल उतरत गेलेली असेल अशी जागा शोधावी, कारण खालच्या उतारावरील झाडांचे शेंडे तेथे आपसूक डोळ्यांसमोर येतात.

मात्र रुंद वाट सर्वच पक्ष्यांना मानवत नाही. ब्राझीलमधील मानाउसजवळच्या जंगलात, जेथे १९७९ पासून वनाच्या तुकड्यांचा अभ्यास चालू आहे, असे आढळले आहे की जमिनीलगतच्या झुडपोऱ्यात राहणारे अनेक कीटकभक्षी पक्षी वनाच्या कडेला येणे टाळतात आणि रस्त्याएवढी उघडी पट्टीसुद्धा ओलांडायला कचरतात. म्हणून शक्य असल्यास सकाळचा पहिला तास रुंद वाटेवर घालवावा आणि नंतर छताखालून जाणाऱ्या एखाद्या अरुंद, पण सपाट वाटेवर दोन-तीनशे मीटर आत जाऊन बसावे. ‘बसावे’ हा शब्द जाणूनबुजून योजला आहे. तासाला एक किलोमीटर ही गतीसुद्धा वर्षावनात काहीशी जास्तच म्हणावी लागेल. घडीचे हलके आसन सोबत ठेवावे, झाडाच्या बुंध्याला पाठ टेकावी आणि वीस मिनिटे हालचाल न करता थांबावे. परत येताना तीच वाट घ्यावी लागली, तरी हिरमुसण्याचे कारण नाही. पक्ष्यांचे थवे सतत फिरत असल्याने तासाभरापूर्वी रिकामी वाटलेली जागा येताना गजबजलेली असू शकते.

प्रश्न : आम्ही एका मार्गदर्शित पायवाटेवर तासभर चाललो, एकही पक्षी दिसला नाही. मग अचानक चहूबाजूंनी दहा-बारा जातींचे पक्षी आले, कोणता पाहावा ते कळेना आणि पाचच मिनिटांत सारे सामसूम झाले. हा निव्वळ योगायोग होता काय?

उत्तर : योगायोग नव्हे. आपल्याला भेटला तो मिश्र थवा होता, आणि वर्षावनातील पक्षीनिरीक्षणात एकच गोष्ट समजून घ्यायची असेल, तर ती हीच घ्यावी. या वनांत कितीतरी जातींचे पक्षी एकत्र हिंडत चरतात. एकाच्या हालचालीने उठलेला कीटक दुसऱ्याला मिळतो आणि अनेक डोळे जागे असल्याने शिकारी पक्ष्याची चाहूल लवकर लागते. थवा जेथे असतो तेथे गर्दी होते, आणि बाकीचे वन तेवढ्या वेळापुरते ओस पडल्यासारखे भासते.

श्रीलंकेच्या सिंहराजा वनात या थव्यांचा अभ्यास १९८० च्या दशकापासून चालू आहे. तेथील एका थव्यात सरासरी अकराहून अधिक जातींचे मिळून चाळीसएक पक्षी असतात, असे नोंदींवरून दिसते. नारिंगी चोचीचे सातभाई थव्याचा गाभा बनतात आणि पल्लवपुच्छ कोतवाल त्यांच्यासोबत पहारेकऱ्यासारखा फिरतो. या पहाऱ्यात सेवाभाव मात्र थोडाच असतो! १९८६ साली चार्ल्स मन या संशोधकाने पेरूच्या ॲमेझॉन वनातील थव्यांविषयी दाखवून दिले की पहारा देणारे पक्षी कधीकधी खोटा इशारा देतात. एकाच कीटकावर दोघांची झडप पडत असेल, तर ‘ससाणा आला’ असे भासवून दुसऱ्याला क्षणभर थबकवायचे आणि कीटक स्वतः लांबवायचा. इशारे बहुतेक वेळा खरे असल्याने दुर्लक्ष करणे दुसऱ्याला परवडत नाही, म्हणून ही लबाडी खपून जाते.

निरीक्षकाने यातून काय घ्यावे? आपल्या भागातील थव्याच्या गाभ्यातील जात कोणती, तिचा आवाज कसा, हे आधी शिकून घ्यावे. दुर्मीळ जातीचा आवाज पाठ करण्यापेक्षा या सामान्य, गोंगाट्या जातीचा आवाज ओळखता येणे अधिक उपयोगी पडते, कारण तो कानावर आला की दुर्मीळ पाहुणे त्याच्या आसपास असण्याची शक्यता असते. सिंहराजात लाल तोंडाची मालकोहा बहुधा अशा थव्यासोबतच दिसते. थवा आला की धावपळ करू नये. त्याची दिशा हेरावी, वाट त्या दिशेला वळत असेल तर थोडे पुढे जाऊन उभे राहावे आणि ठळक पक्ष्यांत न गुंतता थव्याच्या मागच्या टोकाकडे लक्ष ठेवावे. लाजाळू जाती पुष्कळदा शेवटी येतात.

मध्य आणि दक्षिण अमेरिकेच्या वनांत अशीच गर्दी लष्करी मुंग्यांभोवती जमते. मुंग्यांचे दळ जमिनीवरून सरकू लागले की कोळी, झुरळे, नाकतोडे जीव घेऊन पळतात आणि त्यांना टिपण्यासाठी काही पक्षी दळाच्या पुढे दबा धरून बसतात. त्यांतील काही जातींचा सारा चरितार्थ यावरच चालतो, म्हणून एरवी महिनोन्महिने न दिसणारे पक्षी तेथे हाताच्या अंतरावर येतात. एसिटॉन बुर्चेली या मुंग्यांचे चक्र सुमारे ३५ दिवसांचे असते. त्यांपैकी पंधराएक दिवस त्या रोज मुक्काम हलवून मोठ्या फौजा काढतात आणि वीसएक दिवस एकाच ठिकाणी राहतात, तेव्हा त्यांच्या स्वाऱ्या कमी होतात. म्हणून मागील आठवड्यात कोणाला पक्षी दिसले एवढ्या माहितीवर विसंबू नये. मुंग्या आज कोठे आहेत, हे स्थानिक वाटाड्याला विचारावे.

तिसरे गर्दीचे ठिकाण म्हणजे फळांनी लगडलेले वड-उंबर जातीचे झाड. या झाडांचे परागीभवन विशिष्ट इवल्या गांधीलमाश्यांकडून होते, त्यांच्यासाठी वनात कोठे ना कोठे एखादे झाड फळावर असावे लागते, म्हणून इतर फळांचा तुटवडा असतानाही धनेश, हरियाल आणि तांबट यांना येथे खाद्य मिळते. वाटेवर असे झाड आढळले, तर उरलेली वाट सोडून द्यावी आणि सकाळ तेथेच काढावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रश्न : ‘दुर्मीळ’ म्हणजे नेमके काय? आमच्या गटातील एक जण ज्याला दुर्मीळ म्हणतो, तो पक्षी दुसऱ्याला दर वेळी दिसतो.

उत्तर : दोघेही बरोबर असू शकतात. वनस्पतिशास्त्रज्ञ डेबोरा रॅबिनोविट्झ यांनी १९८१ साली दुर्मीळतेचे तीन निकष मांडले होते : जातीचा प्रदेश किती विस्तृत आहे, अधिवासाबाबत ती किती चोखंदळ आहे आणि जेथे आढळते तेथे तिची संख्या किती आहे. या तिन्हींच्या जुळणीतून आठ प्रकार होतात आणि त्यांपैकी सात कोणत्या ना कोणत्या अर्थाने दुर्मीळ ठरतात. ही मांडणी वनस्पतींसाठी असली, तरी पक्ष्यांनाही चपखल लागू पडते. मलबारी राखी धनेश सह्याद्रीबाहेर जगात कोठेही नाही, पण योग्य वनात तो दररोज दिसू शकतो. याउलट हार्पी गरुडाचा प्रदेश मेक्सिकोपासून अर्जेंटिनापर्यंत पसरलेला आहे, तरी एका जोडीला प्रचंड मोठे वन लागते आणि दोन-तीन वर्षांतून एकच पिल्लू वाढवले जाते, म्हणून त्याच प्रदेशात आयुष्य काढूनही तो न दिसलेले लोक आहेत.

वर्षावनात तिसऱ्या प्रकारची दुर्मीळता विशेष आढळते. पेरूतील मनु राष्ट्रीय उद्यानातील कोचा काशू येथे जॉन टेरबॉर्ग आणि सहकाऱ्यांनी ९७ हेक्टरांच्या एका तुकड्याची कसून पाहणी केली आणि १९९० साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. तेवढ्या जागेत २४५ निवासी जाती नांदत होत्या, पण त्यांतील पुष्कळ जातींचे प्रमाण शंभर हेक्टरांमागे एखाद्या जोडीइतकेच होते. म्हणजे तेथे पक्षी कमी नसतात, एकाच जातीचे पक्षी कमी असतात. एका सकाळी ठरावीक पाच जाती दिसल्याच पाहिजेत असा हट्ट धरणाऱ्याला हे वन निराश करते. कोणत्याही पाच अनोळखी जाती दिसल्या तरी चालतील, अशा तयारीने गेलेला मात्र सहसा रिकाम्या हाताने परतत नाही.

अधिवासाचा चोखंदळपणा किती महाग पडू शकतो, याचे उदाहरण म्हणजे गर्नीचा पिट्टा, आपल्या नवरंगाचा भाऊबंद. १९५२ नंतर दृष्टीआड झालेला हा पक्षी १९८६ साली दक्षिण थायलंडमध्ये पुन्हा सापडला. त्याला सखल प्रदेशातील सपाट वनच लागते आणि शेती-लागवडीसाठी नेमके तेच वन आधी तोडले जाते.

प्रश्न : आवाज पुष्कळ ऐकू येतात, पण पक्षी दिसत नाहीत. वयोमानाने ऐकूही थोडे कमी येते. काय करावे?

उत्तर : येथे वर्षावन आपल्या बाजूने आहे. वयानुसार प्रथम उंच पट्टीचे आवाज कमी होतात आणि दाट वनातील, विशेषतः जमिनीलगतच्या पक्ष्यांचे आवाज बहुधा खालच्या पट्टीतील, संथ शिळेसारखे असतात. युजीन मॉर्टन यांनी १९७५ साली पनामातील वनांत मोजमाप करून दाखवले की जमिनीलगत सुमारे दीड ते अडीच हजार हर्ट्झच्या पट्ट्यातील आवाज इतरांपेक्षा दूर पोहोचतात. जलद कंपनांची किणकिण मात्र खोडा-पानांवर आपटून तिचे प्रतिध्वनी एकमेकांत मिसळतात.

आवाज आला की त्या दिशेला निघू नये. हात कानांमागे ओंजळीसारखे धरावेत, मान सावकाश वळवावी आणि आवाज सर्वांत स्पष्ट कोठून येतो ते ठरवून त्या रेषेतील आडव्या, उघड्या फांद्या एकेक करून तपासाव्यात. कर्णा (ट्रोगन) या पक्ष्यासारख्या जाती ताठ, निश्चल बसतात आणि पुष्कळदा आपल्याकडे पाठ करून, त्यामुळे लाल पोटाऐवजी पाचोळ्यात विरून जाणारी मंद पाठच दिसते. नवरंगाच्या कुळातील पक्ष्यांसाठी कोरड्या पानांची खसखस ऐकावी. ती थांबत-थांबत होत असेल, तर पक्षी असण्याचा संभव अधिक असतो, सलग होत असेल तर बहुधा सरडा किंवा खार.

नुसत्या आवाजाची नोंदही क्षुल्लक मानू नये. श्रीलंकेतील सेरेंदिब घुबडाचा अनोळखी आवाज दीपाल वरकागोडा यांनी १९९५ साली प्रथम ऐकला, पक्षी प्रत्यक्ष दिसला तो २००१ साली आणि २००४ मध्ये ती विज्ञानाला नवीन जात म्हणून जाहीर झाली.

प्रश्न : दुर्बीण आठपट घ्यावी की दहापट?

उत्तर : वर्षावनासाठी आठपट, आणि जमल्यास ८×४२, म्हणजे आठ पटींची आणि पुढच्या भिंगाचा व्यास ४२ मिलिमीटर असलेली. भिंगाचा व्यास भागिले पटी, हे गणित केले की डोळ्याला मिळणाऱ्या प्रकाशझोताची रुंदी कळते. ८×४२ मध्ये ती सव्वापाच मिलिमीटर येते, १०×४२ मध्ये ४.२ आणि ८×३२ मध्ये ४. मंद प्रकाशात उतारवयातील बाहुली साधारण पाच मिलिमीटरांपर्यंत उघडते, म्हणजे ८×४२ ने तिची पुरेपूर सोय होते. दहापटीत हाताचा कंप अधिक जाणवतो आणि दृश्यक्षेत्र आक्रसते, त्यामुळे हलत्या थव्यातील पक्षी सापडेपर्यंत तो निघून जातो. दोन मीटरांवरचेही स्पष्ट दिसणारी आणि नायट्रोजन भरलेली जलाभेद्य दुर्बीण असावी, अन्यथा दमट हवेत आतून धुके धरते. वातानुकूलित खोलीतून थेट वनात नेलेल्या दुर्बिणीच्या काचा बाहेरून धूसर होतात, म्हणून ती निघण्यापूर्वी अर्धा तास खोलीबाहेर ठेवावी. घरी परतल्यावर सिलिका जेलच्या पुडीसह बंद डब्यात ठेवल्यास बुरशी लागत नाही.

प्रश्न : मोबाइलवर पक्ष्याचा आवाज लावला की तो समोर येतो, असे पाहिले आहे. यात गैर काय? आणि दिसलेल्या जागेची माहिती इतरांना द्यावी काय?

उत्तर : तो येतो, कारण आपल्या हद्दीत परका नर शिरला असे त्याला वाटते. चरणे, पिलांना भरवणे सोडून तो नसलेल्या शत्रूला शोधत राहतो. हे एकदाच घडत असते, तर फारसे बिघडले नसते. परंतु सोपी पायवाट म्हणजे रोज अनेक गट जाणारी वाट, आणि तिच्या कडेला राहणाऱ्या एकाच जोडीवर हा प्रयोग दिवसातून कितीतरी वेळा होतो. अनेक संरक्षित वनांत त्यावर बंदी आहे. बंदी नसेल तेथेही दुर्मीळ जातीसाठी आणि विणीच्या काळात आवाज लावू नये, असेच मी सांगेन. ध्वनिमुद्रणे घरी बसून ऐकावीत.

घरट्याबाबत अधिक कडक असावे. बहुतेक धनेशांची मादी ढोलीत स्वतःला कोंडून घेते, तोंड लिंपले जाते आणि नर एका फटीतून तिला आणि पिलांना भरवतो. झाडाखाली माणसांचा घोळका जमला, तर नर दूर थांबून राहतो आणि ढोलीतील साऱ्यांची उपासमार होते. दिवसा जोडीने निश्चल बसणारा बेडूकतोंड्या उडत नाही म्हणून त्याला त्रास होत नाही, असा समज करून घेऊन छायाचित्रकार फांद्या बाजूला सारतात. त्या फांद्याच त्याचे संरक्षण असतात.

नोंद अवश्य करावी, पण घरटे आणि दिवसाचे विश्रांतिस्थान यांचा नेमका ठावठिकाणा देऊ नये आणि छायाचित्रातील स्थळाची माहिती काढून टाकावी. पक्षीनोंदींच्या ‘ईबर्ड’ या संकेतस्थळावर काही संवेदनशील जातींच्या नेमक्या जागा सर्वांना दिसणार नाहीत, अशी व्यवस्था आहे. तेथे पाठवलेली यादी म्हणूनच अभ्यासकांच्या उपयोगी पडते आणि पक्ष्यालाही अपाय करत नाही.

प्रश्न : जळवांची फार भीती वाटते. आणखी कोणते धोके असतात?

उत्तर : जमिनीवरील जळवा आशिया, मादागास्कर आणि ऑस्ट्रेलियाच्या ओल्या वनांत भेटतात. मोज्यांवरून गुडघ्यापर्यंत चढवायचे घट्ट विणीचे लीच सॉक्स हा सर्वांत खात्रीचा उपाय आहे. चिकटलीच, तर तिच्या निमुळत्या टोकाखाली नख सरकवून ती सोडवावी. मीठ किंवा पेटती काडी लावू नये, कारण त्यामुळे तिच्या पोटातील द्रव जखमेत येऊ शकतो. रक्त बराच वेळ वाहते, कारण तिच्या लाळेतील द्रव्य ते गोठू देत नाही. घाबरण्यासारखे त्यात काही नसते, जखम धुऊन दाबून धरावी.

वाट न सोडणे ही खरी सावधगिरी. ईशान्य ऑस्ट्रेलियातील गिंपी-गिंपी नावाचे झुडूप उजेड मिळणाऱ्या जागी, म्हणजे नेमके वाटांच्या कडेला वाढते आणि त्याच्या काचेसारख्या सूक्ष्म केसांची वेदना कित्येक आठवडे, कधी महिनेही राहते. अनोळखी पानाला हात लावू नये आणि आधारासाठी खोड धरण्यापूर्वी त्याच्याकडे पाहावे. त्याच वनांत कॅसोवरी हा न उडणारा मोठा पक्षी दिसला, तर पाठ फिरवून पळू नये. पिशवी समोर धरून हळूहळू मागे सरावे. त्याला खाऊ कधीच देऊ नये, कारण माणसाकडून खाण्याची सवय लागलेले पक्षीच बहुधा पुढे अंगावर येतात.

प्रश्न : पाऊस सुरू झाला तर थांबावे की परतावे?

उत्तर : वारा सुटून फांद्या पडू लागल्या, तर परतावे. साधी सर असेल, तर आडोशाला थांबावे. पाऊस पडत असताना थेंबांच्या आवाजाने काही ऐकू येत नाही आणि पक्षीही दबून बसतात. तो थांबून ऊन पडले की पंख वाळवण्यासाठी छतातील पक्षी उघड्या, वाळक्या शेंड्यांवर येतात आणि भुकेलेले थवे पुन्हा हिंडू लागतात. पानांवरून गळणाऱ्या थेंबांमुळे त्यानंतरही बराच वेळ प्रत्येक पान हलताना दिसते, म्हणून त्या वेळी दुर्बीण खालच्या झुडपांवर न लावता शेंड्यांकडे वळवावी.